विश्लेषण : तीन दिवसांचा सोहळा किती जीबीचा? एचडी चित्रीकरण नेमके साठवायचे कसे?

यवतमाळमध्ये ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. असे क्षण पुन्हा येत नाहीत. मागे उरते ते चित्रीकरण. घरचे लग्न असो वा यवतमाळचा दुर्गोत्सव, तिथेही हेच लागू पडते. मात्र ऑर्डर देताना ड्रोन आणि अल्बमची चौकशी होते. चित्रीकरण कोणत्या फॉरमॅटमध्ये आणि कशावर राहणार, हा प्रश्न मागे पडतो.

एचडी म्हणजे सगळे सारखेच?

नाही. फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचे असते. पण ते किती दाबून साठवायचे, हे फॉरमॅट आणि बिटरेटवर ठरते. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला नोंदवली जाणारी माहिती. ती मेगाबिटमध्ये मोजतात. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट.

फॉरमॅट कोणते?

२००३ मध्ये आलेला ‘एचडीव्ही’ छोट्या मिनीडीव्ही कॅसेटवर सेकंदाला २५ मेगाबिट नोंदवतो. एका कॅसेटवर साधारण एक तास मावतो. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने ‘एव्हीसीएचडी’ आणला. त्यात कॅसेटऐवजी मेमरी कार्ड किंवा हार्ड डिस्क वापरता येते. सोनीच्या ‘एक्सएव्हीसी एस’मध्ये एचडीसाठी ५० आणि फोरकेसाठी १०० मेगाबिटपर्यंतचा पर्याय मिळतो. नव्या कॅमेऱ्यांतील ‘एच.२६५’ तेवढाच दर्जा जवळपास निम्म्या जागेत बसवतो. मात्र जुन्या संगणकावर तो अडखळतो.

जागा किती लागते?

तीन दिवसांच्या कार्यक्रमात एका कॅमेऱ्याने रोज ८ तास, म्हणजे एकूण २४ तास चित्रीकरण केले असे धरू.

• एचडीव्ही : २४ कॅसेट
• एव्हीसीएचडी, २४ मेगाबिट : सुमारे २६० जीबी
• एचडी, ५० मेगाबिट : सुमारे ५४० जीबी
• फोरके, १०० मेगाबिट : सुमारे १,०८० जीबी

मोठे कार्ड घेतले की झाले?

जागेइतकाच वेगही महत्त्वाचा. १०० मेगाबिटच्या चित्रीकरणाला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लिहावे लागतात. ‘क्लास १०’ कार्ड किमान १० मेगाबाइटची हमी देते, ‘व्ही ३०’ कार्ड ३० मेगाबाइटची. कमी वेगाच्या कार्डावर रेकॉर्डिंग मध्येच थांबू शकते. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून लांब भाषणाचे तुकडे पडतात. एव्हीसीएचडीचे चित्रीकरण उतरवताना सुट्या क्लिप न घेता संपूर्ण फोल्डर कॉपी करावे. तरच हे तुकडे सलग जोडले जातात.

धोका कुठे आहे?

कॅसेट भरली की कपाटात जायची. तीच मूळ प्रत असायची. कार्ड मात्र पुढच्या कार्यक्रमासाठी पुसले जाते. त्याआधी दुसरीकडे प्रत घेतली नसेल, तर मूळ चित्रीकरण कायमचे जाऊ शकते.

हातात मिळणारी प्रतही तपासून घ्यावी. साध्या व्हिडिओ डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचे होते, म्हणजे फुल एचडीच्या एक पंचमांश. एचडीचे पैसे मोजून घरी डीव्हीडी आली, तर एचडी घरी आलेच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिपही दाबून लहान केली जाते.

जुन्या कॅसेट घरात असतील, तर पावसाळ्यातील दमटपणामुळे त्यांना बुरशी लागण्याचा धोका असतो. शिवाय त्या वाचणारे चालू कॅमेरे आणि फायरवायर जोडणी असलेले संगणक दुर्मीळ होत आहेत. त्यामुळे त्या लवकर संगणकावर उतरवून घेतलेल्या बऱ्या.

ऑर्डर देताना काय विचारावे?

• चित्रीकरण किती मेगाबिटने होणार?
• मूळ फाइल मिळणार का, आणि कार्ड कधी पुसले जाणार?
• संपादित प्रत फुल एचडी फाइल म्हणून पेन ड्राइव्हवर मिळेल का?

मूळ फाइल मिळाल्यावर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, शक्यतो दोन वेगळ्या घरांत. वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात. एकच डिस्क बिघडली, तर सगळेच जाते.