पेंटोझायलॉनचे खोड आणि त्याचे गोत्र

जीवाश्मरूपाने हाती येणारी वनस्पती क्वचितच अखंड असते. खोड, पाने आणि बीजे ही एकमेकांपासून विलग होऊन खडकात गाडली जातात. म्हणून अशा प्रत्येक सुट्या अवयवास स्वतंत्र नाव देण्याचा प्रघात पुरावनस्पतिशास्त्रात पडला आहे. पुढे अभ्यासकासमोर दोन प्रश्न उभे राहतात : कोणते अवयव एकाच वनस्पतीचे होत, आणि त्या वनस्पतीचे आप्त कोण? हे दोन्ही प्रश्न किती निरनिराळ्या प्रकारच्या पुराव्यांची अपेक्षा करतात, हे राजमहाल टेकड्यांतील पेंटोझायलॉनच्या उदाहरणावरून चांगले ध्यानी येते.

राजमहाल टेकड्या आजच्या झारखंड राज्यात आहेत. तेथील लाव्हाच्या थरांच्या दरम्यान गाळाचे थर आढळतात. निपानिया या गावाजवळ अशाच थरांतील सिलिकायुक्त खडकात वनस्पतींचे अवशेष पेशीरचनेसह टिकून राहिले. हे थर पूर्वी जुरासिक काळातील मानले जात. आता ते पूर्व क्रिटेशस काळातील, म्हणजे सुमारे पावणेबारा कोटी वर्षांपूर्वीचे, समजले जातात. येथील खोडास श्रीवास्तव यांनी ‘पेंटोझायलॉन साहनी’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘पाच काष्ठे’ असा होतो.

नाव अन्वर्थक आहे. खोडाचा आडवा छेद घेतला असता एकाच काष्ठवलयाऐवजी मध्यभागाभोवती वर्तुळाकार मांडलेले, बहुधा पाच, स्वतंत्र रंभ दिसतात. प्रत्येक रंभाभोवती त्याचा स्वतःचा ऊतककर असून त्यापासून द्वितीयक काष्ठ तयार झालेले असते. हे काष्ठ सर्व बाजूंनी सारखे वाढत नाही. खोडाच्या केंद्राकडील बाजूस ते अधिक जाड असते. काष्ठाचा पोत मात्र शंकुमंत वृक्षांसारखा घट्ट आहे : जलवाहक पेशींच्या भिंतींवर परिवेशित खाचा असून काष्ठकिरण अरुंद, एकाच पेशीच्या रुंदीचे आहेत.

खोडाला लांब व आखूड अशा दोन प्रकारच्या फांद्या होत्या. आखूड फांद्यांवर सर्पिल क्रमाने पाने येत. ‘निपानिओफायलम’ या नावाने ओळखली जाणारी पट्ट्यासारखी पाने याच वनस्पतीची होत. ‘कार्नोकोनाइटिस’ या बीजधारी शंकूंत मध्यवर्ती अक्षाभोवती देठहीन बीजे दाटीने बसलेली असून बीजांचे बाह्य कवच मांसल आहे. बिरबल साहनी यांनी १९४८ साली खोड, पाने आणि शंकू यांचा एकत्र विचार करून ‘पेंटोझायली’ हा प्रकटबीज वनस्पतींचा नवा गट मांडला. १९५३ साली विष्णु मित्रे यांनी पुं-अवयवाचे वर्णन ‘साहनिया’ या नावाने केले.

पहिला प्रश्न असा बहुतांशी सुटला. दुसरा अधिक बिकट ठरला. खोडात अनेक रंभ असणे हे लक्षण कार्बोनिफेरस व पर्मियन काळांतील ‘मेड्युलोझा’ या बीजधारी नेचांतही दिसते, आणि तेथेही काष्ठ आतील बाजूस अधिक वाढते. परंतु मेड्युलोझाचे काष्ठ सैल व रुंद किरणांचे आहे. शिवाय आजच्या आवृतबीज वनस्पतींपैकी रिठ्याच्या कुळातील काही महालतांच्या खोडांतही अनेक काष्ठस्तंभ निर्माण होतात. त्या लतांचा मेड्युलोझाशी निकटचा संबंध जोडता येत नाही. अर्थात, ही रचना एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झालेली आहे.

घट्ट काष्ठाच्या साम्याचीही मर्यादा ओळखली पाहिजे. तौलनिक भाषाशास्त्रातील एक तत्त्व येथे उपयोगी पडते. मराठी व गुजराती या दोहोंत तीन लिंगे आहेत. पण ती प्राचीन आर्यभाषेतूनच वारशाने आलेली असल्यामुळे केवळ तेवढ्यावरून या दोन भाषांचा स्वतंत्र उपगट सिद्ध होत नाही. त्यासाठी दोहोंनी मिळून केलेला नवा बदल दाखवावा लागतो. घट्ट काष्ठ तर बीजधारी वनस्पतींच्या उदयापूर्वीच्या ‘आर्किऑप्टेरिस’ वृक्षांतही होते. तेव्हा ते शंकुमंतांशी खास आप्तत्वाचा पुरावा ठरत नाही.

बाह्य साम्यावर विसंबल्यास काय होते, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. डच वनस्पतिशास्त्रज्ञ मेउसे यांनी १९६१ साली पेंटोझायलॉनचा संबंध एकदलिकित वनस्पतींच्या उगमाशी, विशेषतः केवड्याच्या कुळाशी, जोडला. लांब पाने आणि दाटीने रचलेली फळे यांमुळे ही तुलना आकर्षक वाटते. परंतु केवड्याच्या खोडात वाहकवृंद विखुरलेले असतात, पेंटोझायलॉनसारखे ऊतककरयुक्त रंभ नसतात, आणि त्याची बीजके किंजपुटात बंदिस्त असतात. ही उपपत्ती सर्वमान्य झाली नाही.

१९८५ च्या सुमारास अनेक लक्षणांची एकत्र तुलना करणाऱ्या पद्धतीने पेंटोझायलॉन हे बेनेटाइटेलीझ, नीटम-गट आणि आवृतबीज यांच्या समूहात ठेवले गेले. मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय पुराव्याने नीटम-गट शंकुमंतांजवळ जात असल्याचे दाखविले, आणि त्या समूहाची एकात्मता डळमळीत झाली. लुप्त वनस्पतीची जनुके उपलब्ध नसल्यामुळे पेंटोझायलॉनच्या बाबतीत निर्णय रचनेवरूनच करावा लागतो.

दरम्यान ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अंटार्क्टिका येथेही या गटाचे अवशेष मिळाल्याने तो गोंडवन भूमीत दूरवर पसरलेला होता हे निश्चित झाले आहे. बेनेटाइटेलीझशी त्याचे नाते संभवनीय असले तरी ते अद्याप वादातीत नाही. तात्पर्य, खोडाची रचना सुट्या अवयवांची ओळख पटविण्यास भक्कम आधार देते. गोत्रनिर्णयासाठी मात्र प्रत्येक साम्य वारशाचे, स्वतंत्रपणे उत्पन्न झालेले की समाईक नव्या बदलाचे, हे आधी ठरविणे आवश्यक असते.