पुरुषांसाठीही एक इंजेक्शन

“दुसऱ्या बाळानंतर ऑपरेशन बायकोचंच का?” परवा एका तरुण बापाने विचारलं. प्रश्न अगदी रास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के!

आयआयटी खरगपूरचे प्रा. सुजय गुहा १९७० च्या दशकापासून पुरुषांसाठी नसबंदीला पर्याय शोधत आले. त्या पर्यायाचं नाव ‘रिसुग’.

जागा बधिर करून दोन्ही शुक्रवाहिन्यांत एकेक इंजेक्शन देतात. त्यातलं पॉलिमर, जेमतेम ६० मिलिग्रॅम, नळीला आतून चिकटतं आणि तिथून जाणारे शुक्राणू निकामी करतं. हॉर्मोन्सना हात लागत नाही, हे फार मोलाचं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३०३ विवाहित पुरुष होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गर्भधारणा टाळण्याचं यश ९९.०२ टक्के.

मग मूल हवंसं वाटलं तर? प्राण्यांमध्ये हे पॉलिमर सोड्याच्या द्रावणाने धुऊन काढता आलं. माणसांत तसं सिद्ध होणं बाकी आहे, त्यामुळे आज त्याला ‘परतीचा उपाय’ म्हणणं घाईचं ठरेल.

पुरुषांसाठीच, खांद्यावर रोज चोळायच्या गर्भनिरोधक हॉर्मोन जेलच्याही परदेशात चाचण्या झाल्या आहेत. त्याबद्दल किंवा रिसुगबद्दल काही शंका असतील तर जरूर विचारा, नवऱ्यांनी तर आवर्जून.