घरगुती ध्वनिमुद्रण : यंत्र जुने घ्यावे की नवे?

गोदावरीकाठच्या गावांमध्ये भजन-कीर्तनाची परंपरा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. निफाड तालुक्यातील सायखेडाही त्यापैकीच एक. अशा गावांतील वयोवृद्ध भजनकरी ज्या चालीत अभंग म्हणतात, त्या चाली बहुधा कोठेही लिहून ठेवलेल्या नसतात. गाणाऱ्याबरोबर त्याही जातात. म्हणूनच गावातली किंवा नोकरीनिमित्त नाशिक-पुण्यात स्थायिक झालेली तरुण मंडळी हा ठेवा घरच्या घरी ध्वनिमुद्रित करू पाहतात. संगणक घरात असतोच. माइकही मिळतो. अडते ते या दोहोंना जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसपाशी. ओळखीतून स्वस्तात मिळणारे जुने यंत्र घ्यावे, की दुकानातले नवे कोरे?

माइकमधून येणारा विद्युतसंकेत अत्यंत क्षीण असतो. इंटरफेस तो वाढवतो, त्याचे आकड्यांत रूपांतर करतो आणि ते आकडे संगणकाकडे पाठवतो. जुने आणि नवे यांतील फरक ही तीन कामे वेगवेगळी तपासली की स्पष्ट होतो.

आवाजाचा दर्जा

पहिल्या दोन कामांत जुनी यंत्रे समजतात तितकी मागासलेली नाहीत. सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातील जे अंतर यंत्राला टिपता येते, ते चांगल्या जुन्या यंत्रांत सुमारे १०० ते १०५ डेसिबल, तर नव्या यंत्रांत ११५ ते १२० डेसिबलपर्यंत असते. फरक मोठा वाटतो. पण घरातली खोली काही स्टुडिओ नव्हे. पंख्याची घरघर, रस्त्यावरची वाहने, द्राक्षबागेतला फवारणीचा ट्रॅक्टर यांमुळे खोलीतील शांतताही ३५-४० डेसिबलची असते. गाणाऱ्याचा आवाज जवळून ८५-९० डेसिबल भरतो. म्हणजे प्रत्यक्षात टिपायचे अंतर ५०-५५ डेसिबलचेच. ते १६ बिटच्या, म्हणजे ९६ डेसिबलच्या मर्यादेतही सहज मावते. अशा ठिकाणी नव्या यंत्रापेक्षा खिडकीला लावलेली जाड गोधडी अधिक उपयोगी पडते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. साध्या डायनॅमिक माइकचा संकेत फारच क्षीण असतो. तो वाढवताना जुन्या, स्वस्त यंत्रांतून ‘सूं’ असा आवाज उमटतो आणि हळू स्वरातली ओवी त्यात बुडते. या बाबतीत नवी यंत्रे निश्चितच सरस आहेत.

खरी अडचण जोडणीची

जुने यंत्र बहुधा हरते ते तिसऱ्या कामात. २००० नंतरच्या दशकात आठ-आठ माइक घेणारी अनेक यंत्रे फायरवायर जोडणीची होती. ही जोडणी आता नव्या संगणकांवर येत नाही. ॲपलने तर २०२५च्या टाहो या प्रणालीतून फायरवायरचा आधारच काढून टाकला. विंडोज ११ केवळ ६४ बिटची असल्याने ज्यांचे ड्रायव्हर ३२ बिटवरच थांबले, ती यंत्रे त्यावर चालत नाहीत. यंत्र ठणठणीत असूनही निरुपयोगी ठरते ते असे.

याउलट काही यूएसबी यंत्रे ठरावीक सामायिक नियमांनुसार बनवलेली असतात. त्यांना उत्पादकाच्या ड्रायव्हरची गरज पडत नाही. मॅक आणि लिनक्सवर ती सरळ चालतात. यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार विंडोज १०मध्येही २०१७ पासून आला. असे यंत्र दहा-बारा वर्षांचे असले तरी घ्यायला हरकत नाही.

आवाजाचा उशीर हा आणखी एक मुद्दा. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना २५६ नमुन्यांचा साठा ठेवला, तर एका बाजूला सुमारे ६ मिलिसेकंद जातात. जाणे-येणे आणि रूपांतर धरून १२ ते १५. हवेत ध्वनी तेवढ्या वेळात चार-पाच मीटर जातो. हेडफोनमधून स्वतःचाच आवाज इतक्या उशिरा आला, तर टाळ-पखवाजाचा ठेका बिघडतो. परंतु माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये देण्याची सोय बऱ्याच जुन्या यंत्रांतही असते. ती आहे का, हे पाहावे.

निवड कशी करावी?

एक गायक आणि एक वाद्य एवढेच टिपायचे असेल, तर दोन माइकचे नवे, साधे यूएसबी यंत्र घेणे शहाणपणाचे. २०२३ मध्ये आलेल्या फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेच्या चौथ्या पिढीतील काही यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप जुळवण्याची सोय आहे. नवख्या माणसाला तिचा मोठा आधार होतो, कारण ऐन रंगात आलेल्या गजरात पातळी ओलांडून आवाज फाटला, तर तो पुन्हा दुरुस्त होत नाही.

संपूर्ण भजनी मंडळ, म्हणजे पखवाज, पेटी, टाळ, मुख्य गायक आणि टाळकरी, वेगवेगळे टिपायचे असतील, तर जुने आठ माइकचे यंत्र स्वस्त पडते. मात्र त्यासाठी त्याच काळातला चालू संगणक हवा. तो इंटरनेटपासून दूर, केवळ याच कामाला ठेवावा. लिनक्सची माहिती असणाऱ्यांना तोही मार्ग खुला आहे.

जुने यंत्र पैसे देण्यापूर्वी स्वतःच्या संगणकाला जोडून तासभर चालवावे. प्रत्येक बटण फिरवताना खरखर येते का, प्रत्येक माइकच्या जागी ४८ व्होल्टचा पुरवठा मिळतो का, मूळचाच अडॅप्टर आहे का, तापल्यावर आवाज तुटतो का, हे तपासावे. यांपैकी एकही परीक्षा विक्रेता टाळत असेल, तर सौदा सोडून द्यावा.

शेवटी, यंत्र कोणतेही असो, झालेल्या ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती कराव्यात आणि त्यातली एक गावाबाहेर ठेवावी. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा आणि पलीकडच्या चांदोरीत शिरले होते. यंत्र दुसरे घेता येते. गेलेल्या माणसाचा आवाज मात्र पुन्हा टिपता येत नाही.