बारा बोअरचा बार आणि नाजूक कान

हिंदी चित्रपटातला खलनायक खिशातून एक काळे नळकांडे काढतो, पिस्तुलाच्या तोंडावर फिरवून बसवतो आणि चाप ओढतो. 'फुस्स' एवढाच आवाज! शेजारच्या खोलीतली माणसे बिनघोर झोपलेली. पडद्यावर हे खपून जाते. पिकाची राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्या किंवा नेमबाजाच्या हातातल्या बारा बोअर बंदुकीपुढे मात्र ही जादू चालत नाही.

'बारा बोअर' म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड होईल तेवढी या नळीची रुंदी, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. एवढ्या नळीतून बार निघाला की बंदूक चालवणाऱ्याच्या कानापाशी आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. एका दणक्यात कान दुखावण्याची धोक्याची रेषा १४० मानली जाते. तुलनाच करायची तर दिवाळीचा फटाका घ्या. १९९९ च्या नियमाप्रमाणे त्याच्या आवाजाचे शिखर चार मीटरवर १४५ डेसिबलपुढे जाता कामा नये. बंदूक तर गालालाच टेकलेली असते! शिवाय डेसिबलचा हिशेब फसवा आहे. २० डेसिबल वाढले की आवाजाचा दाब दसपट होतो.

आवाज येतो कुठून?

मुख्य आवाज तोंडातून उसळणाऱ्या तप्त वायूचा. हा वायू एका डब्यात अडवून, खेळवून हळूहळू सोडायचा, ही युक्ती अमेरिकेच्या हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ मध्ये पेटंट केली. मोटारीच्या सायलेन्सरचे तत्त्वही हेच. गंमत म्हणजे त्यांचे वडील मॅक्झिम मशिनगनचे जनक, आणि बंदुकांच्या आवाजाने त्यांची स्वतःची श्रवणशक्ती गेली होती.

पिस्तुलातून एकच गोळी सरळ जाते. बारा बोअरमधून मात्र छर्ऱ्यांचा झुबका आणि त्यांना धरून ठेवणारी प्लॅस्टिकची वाटी निघते. नळी संपताच ही वाटी फुलासारखी उघडते. सायलेन्सरच्या आतल्या चकत्यांत ती अडकली तर घोटाळाच! २०१४ साली अमेरिकेतल्या सायलेन्सरको कंपनीने 'साल्व्हो १२' हे खास बारा बोअरसाठीचे साधन आणले, त्यात छर्ऱ्यांना वाट दाखवणाऱ्या दांड्याच बसवाव्या लागल्या. पूर्ण लांबी फूटभर. इतके करून आवाज, कंपनीच्याच दाव्याने, १४० च्या जरासा खाली येतो. 'फुस्स' नव्हेच! आणि उडत्या तबकडीमागे झर्रकन बंदूक फिरवायची असताना टोकाला हे वजन कोणाला परवडणार?

उरतो छर्ऱ्यांचा स्वतःचा कडकडाट. साध्या काडतुसाचे छर्रे सुटताना आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरपेक्षा, जोरात धावतात. हा तडाखा नळीबाहेर हवेत तयार होतो, तिथे सायलेन्सर काय करणार? मंद काडतुसे मिळतात, पण मग मारा दुबळा पडतो. आपल्याकडे हा प्रश्न तसाही फारसा उद्भवत नाही, कारण शस्त्र नियमांनी आवाज दाबणारी साधने प्रतिबंधित वर्गात टाकली आहेत. म्हणजे बंदूक गप्प करता येत नाही. झाकायचा तो कान.

पडदा शाबूत, तरी बहिरेपण

अनेकांना वाटते, पडदा फाटला नाही म्हणजे वाचलो. खरी हानी त्याच्याही आत होते. शंखाच्या आकाराच्या पोकळीत प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच सुरांपासून होते. 'स', 'श', 'फ' निसटू लागतात. 'ऐकू येते, पण काय बोललात ते कळत नाही,' ही तक्रार अशा वेळी घरच्यांनी हसण्यावारी नेऊ नये. उजव्या खांद्यावर बंदूक धरणाऱ्यांचा डावा कान बहुधा आधी जातो. तो नळीच्या तोंडाच्या बाजूला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला.

राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला दुहेरी ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवल्यापासून शॉटगन नेमबाजीचे नाव घरोघरी पोहोचले. ट्रॅपच्या एका पात्रता फेरीतच १२५ तबकड्या असतात. सरावाचे बार मोजलेत तर डोके गरगरेल.

कापसाचा बोळा कामाचा नाही. फोमचा बोळा बोटांनी बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. वरून कानझापा लावावा. चष्म्याची काडी मध्ये आली तर फट राहते, तिकडे लक्ष हवे. दोन्ही मिळून संरक्षणाची बेरीज होत नाही. दुसऱ्याने थोडीच भर पडते, कारण काही आवाज कवटीच्या हाडांतूनच आत शिरतो. तरीही बारा बोअरला दोन्ही हवेतच.

सर्वात बेसावध असतात ते आजूबाजूचे. उत्तरेकडे वरातीत बार उडवण्याची हौस अजून गेलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मांडवात एखादे मूल कान धरून रडू लागले, किंवा कानात 'कुंई' सुरू होऊन दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर तेल-बिल न घालता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. उशीर झाला की औषधालाही फारसे काही करता येत नाही.