खड्डा पाटीएवढा असतानाच बुजवा

पावसाची सर नुकतीच थांबली आहे, असे समजा. डोक्यावर इरले किंवा छत्री घ्या आणि आपल्या वस्तीपासून सडकेपर्यंतचा मुरमाचा रस्ता एकदा पायी चालून या. हा रस्ता तुम्ही दिवसातून चारदा तुडवता. पण सर थांबल्याबरोबर, पाणी अजून अंगावर असताना तो कधी नीट पाहिला आहे का? पाणी कुठे साचले, कुठून वाहिले, कुठल्या कडेला गवताने ते अडवून धरले, हे त्या अर्ध्या तासात जसे दिसते तसे नंतर दिसत नाही. ऊन पडले की सगळे खड्डे सारखेच दिसतात.

हे शहाणपण मला उशिरा आले. ते कसे आले, ते आधी सांगतो.

आमची वस्ती सडकेपासून साडेतीनशे पावलांवर. मधे एक वळण, वळणावर चिंच, आणि चिंचेखाली रस्ता जरासा खोलगट. २०१९ च्या आषाढात तिथे पाटी पालथी घालावी एवढा खड्डा पडला. आई रोज पहाटे दुधाची किटली घेऊन तिथूनच जायची. तिने मला दोनदा सांगितले, "अरे, चिंचेखाली पाणी धरतंय. दोन-चार पाट्या मुरूम टाक." मी मोटारसायकलवाला. खड्डा चुकवून कडेने जायचो. ट्रॅक्टरला तर तो कळतही नव्हता. घरात पायी चालणारी माणसे म्हणजे आई, बाया आणि शाळेची पोरे. रस्त्याचे दुखणे आधी त्यांनाच कळते आणि त्यांचे ऐकतो कोण?

श्रावणात खड्डा गाडीच्या चाकाएवढा झाला. भादव्यात शेजारच्या म्हशी त्यात बसायला लागल्या. त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळी आली तरी हटेना. अशाच एका रात्री धाकट्या भावजयीला कळा सुरू झाल्या. बोलावलेली जीप चिंचेखाली आली आणि पुढच्या दोन्ही चाकांवर बसली. शेवटी बाज काढली, चौघांनी खांदा दिला आणि तिला गुडघाभर चिखलातून सडकेवर नेली. पुढचे सारे सुखरूप झाले. ती पोरगी आता शाळेत जाते. आई बॅटरी धरून सगळ्यांच्या पुढे चालत होती. वाटेत ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

आता हिशेब पाहा. आषाढातला खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि ६ इंच खोल होता. म्हणजे सव्वा घनफूटसुद्धा नाही. तीन-चार घमेल्यांचे काम. दिवाळीतला खड्डा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट खोल. म्हणजे ९० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास होतो, आणि मुरूम ठोकल्यावर दबतो, तेव्हा सव्वा ब्रास तरी आणावा लागला. शिवाय जीप ओढायला ट्रॅक्टर आणि तिचा वाकलेला पाटा, तो खर्च वेगळाच. चार महिन्यांत तीन घमेल्यांची एक ट्रॉली झाली.

चाक नव्हे, पाणी

आपण म्हणतो, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता खाल्ला. ट्रॉल्यांचा वाटा आहेच, पण उन्हाळ्यात त्याच ट्रॉल्या त्याच रस्त्यावरून जातात तेव्हा धुरळ्यापलीकडे फारसे होत नाही. मुरमात लहान खडे असतात आणि त्यांना धरून ठेवणारी थोडी माती असते. ती माती आटोपशीर ओली होऊन दबली आणि मग वाळली की खडे एकमेकांना घट्ट धरतात. तिच्यात पाणी तुंबले की तिचा रबडा होतो आणि खडे सुटतात. साचलेल्या खड्ड्यातून चाक गेल्यावर जे तांबडे पाणी उडते, तो तुमचा रस्ताच उडत असतो. दर खेपेला थोडा थोडा.

त्यातून खाली काळी जमीन असेल तर विचारूच नका. ती पाण्याने फुगते, मऊ पडते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरचा मुरूम कितीही चांगला असो, खालची काळी भिजली की तो तिच्यात रुततो.

आई १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर होती. खडी फोडली, मुरूम वाहिला, धुम्मस मारला. त्या दिवाळीनंतर तिनेच मला उभे राहून काम शिकवले. तिचा पहिला नियम, "पाणी काढल्याबिगर पाटी ओतायची नाही." सरकारी अंदाजपत्रकात ज्या खडीकरणाला डब्ल्यूबीएम म्हणतात, त्यातला शेवटचा 'एम' म्हणजे मॅकॅडम, स्कॉटलंडचा एक रस्तेबांधणीकार (१७५६–१८३६). त्याचेही सांगणे हेच होते, की ओझे शेवटी खालची जमीन उचलते आणि ती कोरडी असेल तरच उचलते. आईने त्याचे नाव कधी ऐकलेले नाही.

खड्डा कसा भरावा

बहुतेक ठिकाणी काय होते? ट्रॉली येते, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मुरूम ओतते आणि निघून जाते. आठ दिवसांत मुरूम चिखल होऊन बाहेर. दुसरा उपाय म्हणजे शेतातले मोठे धोंडे टाकायचे. धोंडा चाकाखाली डुलतो, त्याच्या बाजूने पाणी शिरते आणि एका खड्ड्याचे दोन होतात. विटांचे तुकडे, घरातला राडारोडा, काळी माती, यांचीही तीच गत. काळी माती तर रस्त्यावर मुळीच नको.

पावसाची उघडीप पाहून काम काढा. आधी खड्ड्यापासून कडेपर्यंत फावड्याने बारीक चर काढून पाणी घालवा. उरलेले घमेल्याने उपसा. मग तळचा चिखल आणि सुटा गाळ, कडक थर लागेपर्यंत खरवडून काढा. खड्ड्याच्या कडा उतरत्या, बशीसारख्या असतात. त्या कुदळीने तासून उभ्या करा. खड्डा चौकोनी पेटीसारखा झाला पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके हेच सगळे गाळतात. उतरत्या कडेवर टाकलेला मुरूम चाकाखाली सरकतो. उभ्या कडांमध्ये टाकलेला अडकून बसतो.

मुरूम ३-४ इंचांच्या थराने टाका. एकदम नको. धुम्मस वरच्या थराला दाबतो, खालचा पोकळच राहतो. प्रत्येक थराला ओल हवी, पण किती? पेरणीला जसा वापसा पाहता, तसा मुरमाचाही वापसा पाहा. मूठभर घेऊन दाबा. लाडू वळला आणि हाताला चिकटला नाही तर बरोबर. फुटून गेला तर पाणी शिंपडा. हाताला चिकटला तर ऊन लागू द्या. धुम्मस टप्पकन उडायला लागला की थर बसला असे समजा. शेवटचा थर रस्त्यापेक्षा इंचभर उंच ठेवा, चाकाने तो खाली बसेल. रात्रभर त्यावर बाभळीची फांदी आडवी टाका, म्हणजे कोणाची गाडी जाणार नाही. आणि हो, सुरुवातीला पाणी काढायला जो चर खणला, तोही ठोकून भरायला विसरू नका. मी विसरलो होतो.

रस्त्याला पाठ हवी

एकाच जागी पुन्हा पुन्हा खड्डा पडतो, तेव्हा दोष खड्ड्याचा नसतो. रस्त्याला बैलासारखी पाठ हवी, मधे उंच आणि दोन्ही अंगांना उतरती. १० फूट रुंद रस्त्याचा मध्य कडांपेक्षा अडीच-तीन इंच उंच असला की पुरे. दोघांनी दोन्ही कडांना उभे राहून दोरी ताठ धरावी. मध्यावर ती टेकली असता दोन्ही टोकांना जमिनीपासून चार बोटे वर राहिली, तर पाठ ठीक आहे. दोरी कडांना टेकून मध्यावर लोंबायला जागा उरली, तर तुमचा रस्ता रस्ता राहिलेला नाही, पाट झालेला आहे.

पाठ शाबूत असूनही पाणी अडते, ते कडेच्या गवताने. कडेला हरळी माजते, तिच्यात धूळ-माती धरते आणि पाहता पाहता तिथे चार-सहा इंचांचा वरंबा तयार होतो. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते रस्त्यावरूनच वाहते. दर दहा-पंधरा पावलांवर हा वरंबा फावड्याने फोडून ठेवा. एका माणसाचे सकाळचे काम आहे. आमच्या चिंचेखालचा खरा रोग हाच होता, मुरूम वाहून झाल्यावर कळला.

रस्ता चढावर असेल तर पाणी चाकोरीतून पळते आणि एका पावसाळ्यात चाकोरीची घळ होते. तिथे रस्त्यावर तिरका, बसका वरंबा घालावा. एवढा बसका की गाडी हळूच चढून उतरेल, पण पाणी मात्र वळून बाहेर पडेल. चढ जितका उभा, तितके हे वरंबे जवळ जवळ. आणि ते पाणी कोणाच्या पेरलेल्या वावरात नव्हे, ओढ्याकडे किंवा बांधाच्या चराकडे सोडावे.

सडकेजवळच्या सपाट पट्ट्यात मोटारसायकली जोरात जातात तिथे रस्ता पन्हळी पत्र्यासारखा होतो. कोरड्या, सुट्या मुरमावर वेगाने जाणारे चाक उड्या मारते आणि प्रत्येक उडी खाली खाच पाडते. त्या खाचांत मुरूम टाकणे फुकट. एक पाऊस पडून वापसा आला की ट्रॅक्टरच्या फळीने सगळा थर खाचेच्या तळापर्यंत खरडून काढावा, पसरावा आणि दाबावा. पोरांना वेग कमी करायला सांगून पाहा. ऐकतील असे नाही.

शेजारचे पाणी

आता नाजूक गोष्ट. पावसाळा संपला की रस्त्याला पाणी लागणार नाही असे आपल्याला वाटते. पण वीज येते रात्री. शेजारी रात्री दारे धरतो, सरी भरते, डोळा लागतो आणि पाणी दांडातून फुटून रस्त्यावर येते. सकाळी बघावे तो ऐन माघात रस्ता चिखल. हे त्याच्याकडून होते तसे आपल्याकडूनही होते, म्हणून भांडण काढण्यापूर्वी आपला दांड बघून घ्यावा.

पाट रस्ता ओलांडत असेल तर तिथे सिमेंटचा पाईप टाकावा आणि त्याच्यावर दीड-दोन फूट मुरूम ठोकून घालावा. पाईप उघडा किंवा वीतभर मुरमाखाली ठेवला, तर उसाच्या पहिल्याच ट्रॉलीला फुटतो. खर्च दोघांनी निम्मा-निम्मा केला की पुढे पाईप साफ करायला दोघेही येतात. शेताची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, हे खरे. पण अर्ज केल्यावर शेजारी पाईपच्या खर्चात अर्धा वाटा द्यायला येईल असे मला वाटत नाही. आम्ही चहा पिऊन मिटवले.

मुरूम कुठला

नुसता मऊ पिवळा मुरूम पावसात लोणी होतो. नुसता कठीण, खड्यांचा मुरूम बसतच नाही, चाकाखालून उडतो. खडे आणि बांधणारी माती दोन्ही ज्यात आहे, तो घ्यावा. वर सांगितलेली लाडवाची परीक्षा खाणीवरच करून पाहावी, ट्रॉली रिकामी झाल्यावर नव्हे. मुरूम हे गौण खनिज आहे. तेव्हा गायरानातून किंवा टेकडीवरून आपल्या मनाने उचलू नका. तहसील कचेरीत परवानगीची चौकशी करा. आणि रस्त्याच्या कडेलाच खणून माती रस्त्यावर ओढायची खोड सोडा. तो खड्डा पाण्याने भरतो आणि रस्त्याला बाजूने भिजवतो.

मोठी दुरुस्ती पाऊस संपता संपता, दसऱ्याच्या आगेमागे करावी. जमिनीत ओल असते, वेगळे पाणी शिंपडावे लागत नाही आणि ऊसतोड सुरू होण्याआधी मुरूम बसून जातो. वैशाखात केलेले काम वरून छान दिसते, पण कोरडा मुरूम दबत नाही. टँकरने पाणी मारता आले तरच उन्हाळ्यात हात घाला. पावसाळ्यात करायचे ते छोट्या खड्ड्यांचे काम, आणि त्यासाठी मुरूम दाराशी हवा. रोहिणी लागल्या की आम्ही ब्रासभर मुरूम कडुनिंबाखाली टाकून ठेवतो. उघडा ठेवला तर पावसाने त्यातली माती धुऊन जाते आणि जी उरते ती कोंबड्या उकरतात, म्हणून त्यावर जुना पत्रा आणि पत्र्यावर दोन दगड. घमेले आणि धुम्मस तिथेच टेकवलेले असतात. खड्डा कुठे पडला ते अजूनही सगळ्यात आधी आईच येऊन सांगते.