चढणीला ट्रक ओढत नाही? पंप खोलण्याआधी टाकीपासून सुरुवात करा

कोलाड : सुकेळी खिंडीचा चढ सुरू झाला की जुना ट्रक मधेच ओढायचा बंद होतो. गिअर उतरवला तरी उचल नाही. चालक गाडी बाजूला घेतो, दहा मिनिटं थांबतो, पुन्हा स्टार्टर मारतो आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजला नेली की बरेचदा एकच निदान ऐकू येतं : "पंप काढावा लागेल."

पंप म्हणजे मोठा खर्च. गाडी दोन-चार दिवस उभी, भाडं बुडालं ते वेगळं आणि हप्ता काही थांबत नाही. अनेकदा दोष पंपात नसतोच. तो टाकीच्या झाकणात, बुजलेल्या जाळीत, चिरलेल्या रबरी पाइपात किंवा एखाद्या तांब्याच्या वॉशरमध्ये असतो. म्हणून जुन्या गाडीच्या डिझेलची तक्रार शोधताना क्रम महत्त्वाचा. टाकीपासून इंजिनकडे जायचं, स्वस्तापासून महागाकडे.

हा लेख मेकॅनिकल इनलाइन पंपाच्या जुन्या ट्रक-टेम्पोंसाठी आहे. नव्या कॉमन रेल गाड्यांत डिझेलचा दाब हजार-दीड हजार बार आणि त्याहूनही जास्त असतो. त्या गाड्यांच्या नोझलचे नट चालू इंजिनवर कधीही सैल करू नयेत.

डिझेलचा रस्ता आधी समजून घ्या

टाकीतलं डिझेल जाळीतून पाइपात येतं. फीड पंप ते खेचतो. पुढे फिल्टर, मग मुख्य पंप, तिथून लोखंडी बारीक पाइपांतून नोझल. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपाने परत टाकीत जातं.

या रस्त्याचे दोन भाग आहेत आणि सगळी मेख तिथेच आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. फीड पंपापासून पुढे ते ढकललं जातं. ढकलणाऱ्या भागात भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं, पाइप ओला दिसतो. ओढणाऱ्या भागात भोक पडलं तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. पाइप कोरडा ठणठणीत आणि गाडी मात्र एअर घेते. "गळती कुठेच नाही" म्हणून हा भाग सोडून दिला जातो, आणि पुढचे सगळे पैसे चुकीच्या जागी खर्च होतात.

हवेने एवढा घोळ का होतो? डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत नोझल उघडायला साधारण दोनशे बार दाब लागतो. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते, त्याच्या पंचवीस पट. पाइपात हवेचा बुडबुडा असला तर पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही.

गाडी कधी त्रास देते, ते बघा

दोष कुठे आहे हे गाडी स्वतःच सांगते. त्रास नेमका कधी होतो, एवढं लक्षात ठेवून मिस्त्रीला सांगा.

सकाळी लांब स्टार्टर मागते, नंतर दिवसभर ठीक : रात्री डिझेल टाकीकडे उतरतं आणि लाइनीत हवा भरते. फीड पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह, फिल्टरच्या वाटीचं रबर, बँजो बोल्टचे वॉशर तपासा.

उभ्या जागी ठीक, चढणीला मरते : डिझेल कमी पडतंय. फिल्टर, टाकीतली जाळी, दबलेला पाइप बघा. रबरी पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण आतला थर सुटून नळी बंद होते. म्हणून पाइप काढून आरपार फुंकून बघा.

अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडते, थांबलं की चालू होते : टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजलेलं असतं. डिझेल जातं तेवढी हवा टाकीत आली नाही तर आत ओढ तयार होते. गाडी बंद पडताच झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर दोष सापडला. लाल माती आणि रस्त्याच्या कामाची धूळ या भोकात सहज बसते. तार आणि डिझेलने साफ करा, खर्च शून्य. असंच लक्षण टाकीतल्या कचऱ्याचंही असतं. ओढ असताना कचरा जाळीवर चिकटतो, इंजिन थांबलं की खाली बसतो.

आरपीएम वरखाली होतात, मिस मारते, पांढरा धूर : हवा किंवा पाणी.

एकच सिलिंडर मिस, सोबत काळा धूर : नोझलकडे संशय जातो.

अचानक बंद आणि पुन्हा अजिबात नाही : सर्वात आधी स्टॉपची केबल बघा. केबल अडकून पंपाचा स्टॉप लिव्हर बंद बाजूलाच राहिला तर जगातला कुठलाही मिस्त्री ती गाडी चालू करू शकत नाही. मग टाकीत डिझेल आहे का ते काठी घालून बघा. जुन्या गाडीच्या काट्यावर विसंबू नका.

धुराचीही एक खूण आहे. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तर डिझेल कमी जातंय. गाडी ओढत नाही आणि काळा धूर ओकते, तर डिझेल पोचतंय पण नीट जळत नाही. मग आधी एअर क्लीनर तपासा, नंतर नोझल. एअर क्लीनर बुजला असताना डिझेल फिल्टर बदलून काही उपयोग नाही.

दोन सोप्या चाचण्या

पहिली चाचणी कॅनची. फीड पंपाला टाकीकडून येणारा पाइप सोडवा. त्या जागी डिझेलला चालणारा चांगला पाइप क्लिपने घट्ट बसवून त्याचं दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. कॅन टाकीच्या उंचीला, सायलेन्सरपासून लांब ठेवा. रिटर्नचं डिझेल टाकीत जात असतं, त्यामुळे कॅन रिकामा होतो, त्यावर नजर ठेवा. एअर काढून उभ्या गाडीवर इंजिन चालवा. आता गाडी नीट चालली तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यातच आहे. मुख्य पंपाला हात लावायची गरज नाही. तरीही त्रास असेल तर पुढे शोधा. पाइप पारदर्शक घेतला तर बुडबुडे डोळ्याला दिसतात.

दुसरी चाचणी धारेची. फीड पंपाकडून फिल्टरला जाणारा पाइप सोडून बाटलीत धरा आणि प्रायमर मारा. प्रत्येक फटक्याला भरीव धार यायला हवी. धार तुटक, फेसाळ असेल तर मागून हवा येतेय. धार बारीक असेल तर मागे अडथळा आहे किंवा फीड पंप थकलाय.

दोन्ही चाचण्यांना मिळून तासभर लागतो.

एअर काढायची पद्धत

१. टाकीत पुरेसं डिझेल असू द्या. गाडी सपाटीला लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला ठोकळा लावा.

२. सगळे जोड पुसून कोरडे करा. फिल्टर आणि पंपाचा भाग डिझेलने धुऊन घ्या, म्हणजे उघडताना माती आत जाणार नाही.

३. पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि प्रायमर मारा. आधी फेस येईल, मग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा.

४. हेच दुसऱ्या फिल्टरवर, मग मुख्य पंपाच्या एअर स्क्रूवर करा. क्रम उलटा करू नका.

५. प्रायमरची मूठ दाबून पूर्ण आवळा. ती सैल राहिली तर तिथूनच हवा जाते.

६. तरी चालू झाली नाही तर नोझलकडचे नट एक-दीड आटा सैल करा, एक्सलेटर दाबून स्टार्टर मारा. डिझेल दिसू लागलं की एकेक नट आवळा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका. मधे अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही जातील.

तांब्याचे वॉशर शक्यतो नवे टाका. बँजो बोल्टला दोन्ही बाजूंना एकेक लागतो, दुसरा हमखास विसरला जातो. रस्त्यावर नवा मिळत नसेल तर जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून थंड केला की मऊ होतो आणि एकदा काम भागवतो. आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळू नका. तिचे तुकडे पुढे नोझलमध्ये अडकतात.

एअर काढल्यावर गाडी चालू झाली म्हणजे काम संपलं असं नाही. हवा आली कुठून, हे सापडलं नाही तर दोन दिवसांनी तीच गत होते.

कोकणातला खरा शत्रू पाणी

रायगडात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतल्या दमट हवेचं पाणी सुटतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पाऊस सरळ आत जातो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढून काळपट बुळबुळीत गाळ तयार होतो आणि नवा फिल्टरही महिन्याभरात बुजतो.

उपाय साधे आहेत. पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरून ठेवा. सकाळी स्टार्टर मारण्याआधी फिल्टरच्या किंवा पाण्याच्या वाटीच्या खालचा स्क्रू उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर ते तळाला वेगळं दिसेल. जून उजाडण्याआधी टाकी एकदा उतरवून धुवा. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर स्टार्टर मारायचाच नाही. आधी टाकी, फिल्टर, ऑइल आणि एअर क्लीनर बघून घ्या.

पाण्याने पंप का मरतो? पंपातला प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. त्या फटीला वंगण दुसरं कुठलं नसतं, डिझेलच असतं. पाणी किंवा रॉकेलची भेसळ आली की वंगण गेलं. म्हणून डिझेल भरवशाच्या पंपावरच भरा आणि शंका आली तर तिथल्या तिथे घनता मोजून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे.

रो-रोवर चढण्याआधी

कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू केली. ट्रक वाघिणींवर एकामागोमाग स्वतःच्या इंजिनावर चढतात आणि तसेच उतरतात. प्रवासात इंजिन कित्येक तास बंद असतं. लाइन हवा घेत असेल तर डिझेल नेमकं तेवढ्या वेळात मागे उतरतं. उतरताना एक गाडी चालू झाली नाही तर मागच्या सगळ्या अडकतात. ज्यांची गाडी सकाळी लांब स्टार्टर मागते, त्यांनी रो-रोला नंबर लावण्याआधी ती तक्रार काढून घ्यावी. ताम्हिणी घाटाने पुण्याकडे जाणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे चढणीच्या वळणावर बंद पडलेला ट्रक मागच्या वाहनांच्या जिवावर उठतो.

पंप कधी काढायचा?

झाकण, टाकी, जाळी, पाइप, फीड पंप, फिल्टर, वॉशर, नोझल एवढं सगळं झालं आणि तक्रार तशीच राहिली, तर मग पंप. काढण्याआधी टायमिंगच्या खुणा करून ठेवा. पंप टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच कॅलिब्रेट करा आणि जुने सुटे भाग परत मागा. उचल वाढावी म्हणून स्क्रू फिरवून 'पंप वाढवून' घेऊ नका. चार दिवस गाडी पळते, मग काळा धूर, जास्त डिझेल, तापलेलं इंजिन आणि पीयूसीत नापास.

हे मात्र विसरू नका

चालू इंजिनवर नोझलच्या पाइपाची गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरून शोधा. दाबाखालचं डिझेल कातडी भेदून आत जातं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, पण आत मांस सडू लागतं आणि बोट किंवा हात जाऊ शकतो. असं झालं तर घरगुती उपाय नको. लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना 'दाबाचं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. इथे तासांचा हिशेब असतो.

रस्त्यात गाडी थांबली तर आधी त्रिकोण मागे लांब ठेवा, लाइट लावा, चाकाला दगड लावा, मग बॉनेट उघडा. आणि निघताना तो दगड उचलायला विसरू नका, मागून दुचाकीवाला येत असतो.