वाकडं सीताफळ मागा!

दसरा जवळ आला की छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना, दौलताबाद किल्ल्याच्या आसपास, रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. सगळे जण गोल, गुबगुबीत फळ शोधतात. तुम्ही मात्र विकणाऱ्या मावशींकडे सगळ्यांत वाकडंतिकडं सीताफळ मागा. मावशी चमकतील, चमकू द्या. खरी गंमत त्याच फळात आहे.

सीताफळावरचे फुगीर डोळे तुम्ही पाहिलेत ना? सीताफळाच्या एका फुलात कितीतरी इवले स्त्रीकेसर दाटीवाटीने बसलेले असतात. ज्याला पराग मिळतो, त्याचा एक डोळा होतो: आत गराची एक फोड आणि बहुतेक वेळा एक काळी बी. मग हे सगळे एकमेकांना चिकटून वाढतात. म्हणजे एक सीताफळ म्हणजे फळांचं संमेलनच! एका बाजूच्या केसरांना पराग मिळालेच नाहीत, तर ती बाजू खुरटते. झालं फळ वाकडं.

पराग पोचवतं कोण? मधमाशी? नाही. फुलपाखरू? छे! हे फूल हिरवट, तीन जाड पाकळ्यांचं, खाली मान घालून लोंबणारं. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण त्याला पिकल्या फळासारखा वास येतो आणि त्या वासाने दोन-तीन मिलिमीटरचे भुंगेरे आत शिरतात. फूल आधी मादी असतं. पाकळ्या जरा किलकिल्या, केसर चिकट. काही तासांनी तेच फूल नर होतं! पाकळ्या फाकतात, पराग सुटतात, पण केसर तोवर सुकलेले. त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःच्या फारसे कामाला येत नाहीत. अंगाला पराग फासलेला भुंगेरा दुसऱ्या, अजून मादी असलेल्या फुलात गेला तरच फळ धरतं. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत केसर लवकर वाळतात, म्हणून पावसाळी दमट हवेत फळं जास्त धरतात. काही शेतकरी भुंगेऱ्यांवर विसंबत नाहीत, ते ब्रशने पराग लावतात.

चॉकलेटच्या कोकोच्या फुलांनाही असेच बारीक कीटक लागतात. तिथे चिलटाएवढ्या माश्या. कोको आणि सीताफळ, दोघांचंही माहेर अमेरिका खंडातलं. सीताफळ भारतात पोर्तुगीजांनी आणलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तसं असेल, तर 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणणाऱ्या मुहम्मद तुघलकाला सीताफळ काही मिळालं नसणार. बिचारा!

मराठवाड्यात मात्र हे झाड मस्त रमलं. मुरमाड माळ, डोंगरउतार, शेताचा बांध, काहीही चालतं. थंडी-उन्हाळ्यात पानं गाळून ते तहान आवरतं. पानं कडू, म्हणून शेळ्या तोंड लावत नाहीत. कुंपणाचा खर्च वाचला! बिया विषारी, त्यामुळे त्या चावायच्या नाहीत. उवांसाठी कुणी बियांची पूड लावायला सांगितली तर साफ नाही म्हणा. ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना गंभीर इजा होते.

बी पेरून आलेल्या गावरान झाडांची चव झाडागणिक वेगळी असते. आवडत्या झाडाची चव तशीच हवी, तर कलम करावं लागतं. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला चक्क सीताफळाचं संशोधन केंद्र आहे आणि बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

फळ तोडायचं कधी? डोळ्यांमधल्या खाचा पांढरट-पिवळ्या झाल्या की. मग दोन-चार दिवसांत ते पिकतं, आतल्या पिठाची साखर होते. खाताना सालीजवळ रवाळ लागतं ना, ती मात्र साखर नव्हे! त्या कडक भिंतींच्या दगडी पेशी; पेरूत आणि नासपतीतही असतात. आणि आई सीताफळ रबडी करते तेव्हा नीट बघा. दूध आटवून, पूर्ण गार झाल्यावरच ती गर घालते, कारण हा गर तापवला तर कडवट होतो.